हिरव्या दिव्यावर विसंबले होते

मंगळवार, संध्याकाळ

अब्बांचं बीपीचं मशीन आठवडाभर हवा भरता भरताच बंद पडत होतं. आज तर त्यांनी हातच पुढे केला नाही. "डबडं हाय ते. बघायचंच न्हाय मला." नवीन गोळी चालू आहे, रोज बीपी बघायला डॉक्टरांनी बजावलंय. आणि मी? चार्जरचा हिरवा दिवा लागला की मशीनचे सेल भरले, असं धरून बसलेली.

घरातले सगळे सेल घेऊन लक्ष्मीपुरीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदाराने टेस्टरवर एकेक लावून दाखवला. आठातले तीन मेलेले! "ताई, तुमचा चार्जर जोडीनं भरतोय. एक सेल गेला की जोडी बिघडली. हिरवा दिवा लागतोय की, पर त्याचं काय खरं न्हाय." त्याने झटपट भरणारा चार्जर पुढे केला. मी प्रत्येक सेल वेगळा भरणाराच घेतला, सावकाश भरला तरी चालेल. टेस्टरही घेतला. निवड चुकलेली नाही, खात्री आहे.

घरी येऊन टेस्टरवर पूर्ण भरलेले दिसले ते चार सेल मशीनमध्ये घातले. मशीन शेवटपर्यंत चाललं. आकडा बराच वरचा. अब्बा म्हणाले, "डॉक्टरास्नी फोन लाव की."

लावला. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.