हवेतली कात्री

ताईस,

काल दुकानात एक म्हातारे गिऱ्हाईक आले. त्यांचे केस मीच चार दिवसांपूर्वी कापले होते. तरी खुर्चीत बसले आणि गेलेल्या बायकोबद्दल बोलू लागले. मी अर्धा तास कात्री नुसती हवेत चालवली आणि मधूनमधून 'हं' म्हटलं. उठताना म्हणाले, "हलकं वाटलं." खाली एकही केस पडला नव्हता.

दाजी गेले तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "त्या दिवशी सकाळी हे..." आणि मी मध्येच शहाणपणाच्या चार गोष्टी सांगून मोकळा झालो. माझी कात्रीपेक्षा जीभच जास्त चालते.

हे पत्र टाकत नाही. टाकलं तर पुन्हा मीच बोललो, असं होईल. परवा दुकान बंद ठेवून येतो. त्या दिवशी सकाळी काय झालं, ते ऐकायला.

तुझा,
धाकटा