साक्षीच्या आदल्या दिवशी

प्रिय धांदरट,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, कोण जाणे. पण तुला ‘श्री.’ लिहायला हात धजेना. तुझा अर्ज चर्चच्या न्यायालयाकडून माझ्यापर्यंत पोचला. आपलं लग्न मुळात झालंच नव्हतं असं त्यांनी ठरवावं, ही तुझी विनंती. ती मान्य झाली तर तुझं आताचं लग्न चर्चमध्ये लागेल आणि तुला पुन्हा ख्रिस्तप्रसाद घेता येईल.

मी वर सज्जात ऑर्गन वाजवते, मला खालचं काय दिसणार, असं तुला वाटत असेल. सगळं दिसतं. कम्युनियनला, प्रसाद घ्यायला, अख्खा बाक उठतो आणि तू गुडघे आक्रसून लोकांना वाट देतोस. तुझी बायको शेजारी मान खाली घालून बसते. रांग संपली की गाणं थांबवायचं असतं, पण बाक पुन्हा भरेपर्यंत मी शेवटचं कडवं ताणते. गाणारे वैतागतात. वैतागू देत.

खरं सांगू, मला याचा संताप येतो. घटस्फोट दोघांचा झाला. मी पुन्हा लग्न केलं नाही म्हणून मला प्रसाद मिळतो, मनातल्या मनात तुला लाखोली वाहिली त्या रविवारीही मिळाला. तू नेकीने संसार करतोस आणि बसून राहतोस. फादरना विचारलं, तर म्हणाले, पहिलं लग्न खरं असेल तर ते मरेपर्यंत टिकतं. प्रसाद हवाच असेल तर तू आणि तुझ्या बायकोने भावाबहिणीसारखं राहावं. सांगताना बिचारे स्वतःच कानकोंडे झाले. मला आधी हसू फुटलं, मग रडूच आलं.

तुझी लेक माझ्याकडे गाणं शिकते, ठाऊक आहेच. तिचं पहिलं कम्युनियन आता तोंडावर आलंय. परवा सराव संपल्यावर तिने विचारलं, त्या दिवशी तरी बाबा माझ्याबरोबर रांगेत येतील ना. मी उगीच ऑर्गनच्या पट्ट्या पुसत बसले.

वडिलांच्या धाकाने लग्नाला उभा राहिलो, मन नव्हतं, असं तू अर्जात लिहिलंयस. अरे, शपथ घेताना तू इतक्या जोरात बोललास की मागच्या बाकावरची माझी मावशी दचकली! नव्या घरी आपलं कपाट जिन्यात अडकलं, तर ते निघेपर्यंत तू पलीकडून मला गाणी म्हणून दाखवत होतास. बाळ गेलं, आपण बोलेनासे झालो, संसाराचा विचका झाला, ते सगळं नंतरचं. न्यायालय विचारतंय ते लग्नाच्या दिवसाबद्दल.

उद्या माझी साक्ष आहे. नवरा मुलगा नाखूष होता, एवढं एक वाक्य बोलले तरी तुझं काम सोपं होईल. आरशासमोर म्हणून पाहिलं. जमत नाही रे. मी सांगणार आहे की तू मनापासून उभा होतास, मीही होते, आणि ते लग्न खरं होतं. म्हणजे तुझ्या लेकीला बहुतेक माझ्यामुळे तुझ्याशिवाय रांगेत जावं लागेल. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. माझा राग राग कर, चालेल. पण ते खोटं होतं असं मला म्हणायला लावू नकोस. माझ्याकडे तेवढंच आहे.

कायद्याने नाही, पण उद्या जे बोलणार आहे त्याने,
तुझीच