ड्रॉस्लाऊचा झेंडा कोणासाठी वाकावा याबद्दल

मी, हेडविग लेनिक, राहणार नवे ड्रॉस्लाऊ, चर्चच्या मागचे हिरव्या दाराचे घर, वय त्र्याण्णव, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. आमच्याकडे हाताने लिहिले तरच ते खरे मानतात, तेव्हा अक्षराला हसू नये. माझी शाळा युद्धाने अर्ध्यात बंद पाडली. डोके शाबूत आहे. डॉक्टरने परीक्षा म्हणून आजचा वार विचारला, तो मी सांगितला, आणि त्याच्या बायकोचा वाढदिवस आहे हेही सांगितले, जे तो विसरला होता. कोणाचा धाक नाही, कोणाची भीड नाही. यापूर्वी काही लिहून ठेवलेले निघाले तर ते रद्द समजावे.

कलम एक. घर यान्काला. यान्का म्हणजे माझा मुलगा डेटलेफ याची मुलगी. हे घर खाणवाल्यांनी जुन्या घराच्या बदल्यात दिले. जुने घर, जुने चर्च, सगळे जुने ड्रॉस्लाऊ कोळशासाठी खणून काढले आणि नंतर त्या खड्ड्यात पाणी सोडले. आता लोक तिथे होड्या घेऊन येतात आणि तलाव छान आहे म्हणतात. यान्काने भिंतींना हवा तो रंग द्यावा. जिन्याची वरची पायरी कोणी चढत नसतानाही वाजते. त्यासाठी सुताराला बोलावून पैसे घालवू नयेत. लाकूड ठीक आहे. तो अल्विन आहे, माझा नवरा. वारून पस्तीस वर्षे झाली, पण पाय पुसून घरात येणे त्याला अजून जमलेले नाही.

कलम दोन. मुलगी गेर्लिंडे हिला सुपाचे मोठे भांडे, झाकणासकट. तिच्या भावाला, डेटलेफला, पुरून आल्यावर आम्ही कॉफी पीत बसलो होतो, तेव्हा तिने ते मागितले होते. तेव्हा दिले नाही. आता घ्यावे. बँकेतले पैसे तिने आणि यान्काने निम्मे निम्मे वाटून घ्यावे आणि भांडू नये. भांडायचेच असेल तर माझ्या कबरीवर येऊन भांडू नये.

कलम तीन. झेंडा. हा गावच्या मंडळाचा असला तरी सांभाळायचा मान लेनिक घराचा आहे, तो यान्काकडे जावा. हिरवे-पांढरे कापड, मधे ढाल, ढालीत लिंडेनचे झाड आणि झाडाला टांगलेली घंटा. मी लग्न होऊन आले तेव्हा झाड उंदरांनी खाल्लेले होते. आज त्यावर जेवढी पाने आहेत तेवढी माझ्या सुईची आहेत. मधल्या काळात सरकारला असले जुने झेंडे खपत नसत, तेव्हा तो आमच्या गादीखाली होता. पुढे आम्हाला शेजारच्या शहराला जोडले आणि रस्त्यावरच्या पाटीवर त्यांचा सिंह आला. आमचे झाड आता या कापडाखेरीज कुठेच नाही.

सांभाळण्याबद्दल सूचना. जत्रेच्या सकाळी कपाट उघडले की खालच्या झालरीत पिवळी वाळू सापडते. दर वर्षी सापडते. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते. इथली माती काळी आहे. पिवळी वाळू फक्त जुन्या चर्चच्या टेकडीवर होती आणि ती टेकडी आता जगात नाही. वाळू कोरड्या ब्रशने झटकावी, झेंडा धुऊ नये. दांड्याचे पॉलिश एकाच जागी उडते, तीन बोटांएवढे. तिथे मेण लावावे. फार विचार करू नये.

कलम चार. ओटोमार क्लीम याला काहीही नाही. कारण लिहून ठेवते.

आमच्यात कोणी गेले की झेंडा कबरीपाशी नेतात आणि उघड्या खड्ड्यावर तीनदा वाकवतात, झालर मातीला टेकेपर्यंत. मेयर असो की दारूडा, ड्रॉस्लाऊचा असला म्हणजे झाले. माझा डेटलेफ खाणीत खोदयंत्रावर होता. टेकडी आणि तिच्यावरचे चर्च गेले त्या दिवशी त्याची पाळी होती. त्याने मागून घेतली नव्हती. अल्विन तेव्हा झेंडेकरी होता. त्या दिवसापासून तो मुलाबरोबर एका टेबलाला बसला नाही. मी दोघांना वेगवेगळे वाढले. तीन वर्षांनी अल्विन गेला, आणि झेंडा धरायचा मान त्याच्या चुलतभावाकडे, या ओटोमारकडे आला. मग डेटलेफ गेला, हृदय बंद पडून, त्रेचाळीसचा असताना. ओटोमार झेंडा घेऊन कबरीपाशी उभा राहिला आणि झेंडा वाकला नाही. खांबासारखा सरळ. सगळ्या ड्रॉस्लाऊने पाहिले. यान्का माझा हात धरून उभी होती, तिनेही पाहिले. त्यानंतर ओटोमारला मी उंबरठा ओलांडू दिलेला नाही, झेंडा न्यायला दुसरे कोणी येते. अल्विनच्या काळ्या टोपीवर त्याचा डोळा आहे. ती बुजगावण्याला घालावी.

कलम पाच. कबरीची जागा आमच्याकडे मुदतीवर असते. डेटलेफची मुदत या महिनाअखेरीस संपते आणि ती ओळ वाढवून मिळत नाही, मी तीनदा जाऊन भांडून आले. दगड उचलतील, वर गवत पेरतील. मग झेंडा वाकवायला जागाच उरणार नाही. म्हणून येत्या मृतांच्या रविवारी, गवत पेरण्याआधी, तो वाकला पाहिजे. झेंडा धरायचा मान ओटोमारकडे आहे, म्हणून काल त्याला साक्षीदाराच्या निमित्ताने घरी बोलावले आणि वरचे सगळे त्याच्या तोंडावर वाचून दाखवले.

तो स्वतःची टोपी मांडीवर घेऊन बसला होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, मी वाकवत होतो."

मी म्हटले, "भावोजी, म्हातारपणी खोटं बोललेलं पचत नाही."

"दोन्ही हातांनी जोर लावला. वरून कोणीतरी दांडा धरला होता. हात दिसत नव्हता, पण माझ्या मुठीच्या वर पकड होती. उजव्या हाताची. तीन बोटांची."

अल्विनची उजवी दोन बोटे लाकडाच्या वखारीत करवतीने नेली होती. उरलेल्या तिनांनी तो माणूस खिळा उपटायचा.

मी विचारले, हे तीस वर्षे पोटात का ठेवलेस. तो म्हणाला, "तू मला दारात तरी उभं केलंस का? आणि काय सांगणार होतो, की बाप पोराला माती देऊ देत नाही म्हणून?"

मी उठून दांडा काढला. मेण लावते त्या जागेवर त्याला बोट ठेवायला सांगितले नाही. त्याने आपणच ठेवले.

वरची पायरी तेव्हा वाजत नव्हती. ऐकत असणार.

कलम चार खोडत नाही, खोडाखोड केलेला कागद कोर्टाला चालत नाही. यापुढे जे लिहीन ते त्याच्या वरचढ समजावे.

कलम सहा. हे अल्विनला. अल्विन, तुझ्या शेजारची जागा माझी आहे. मी दर वेळी मुदत वाढवून घेतली, फुले लावली, तुझा दगड घासला. टेकडी तुझी होती हे मला माहीत आहे. रात्री झेंडा नेऊन तिथे कोणाकोणासाठी वाकवतोस तेही झालरीवरून कळते, ड्रॉस्लाऊच्या सगळ्या मेलेल्यांसाठी वाकवत असशील. एकाला सोडून. रविवारी ओटोमार दांडा धरील. त्याची मूठ आता कापते, तुला अडवायला सोपे जाईल. पण तू धरलास, तर यान्काने माझी राख कबरस्तानातल्या बिननावाच्या कुरणात, अनोळखी माणसांत टाकावी आणि तुझ्याशेजारची जागा परत करावी. जेवायला वेगळे वाढत आले, निजायला पण वेगळी जाईन. मी हे बोलून दाखवत नाही, लिहून सही करते आहे.

ठिकाण नवे ड्रॉस्लाऊ, १८ नोव्हेंबर २०२४.
सही: हेडविग लेनिक
साक्षीदार: ओटोमार क्लीम, रोझेल शुप्पान, शेजारीण

पुरवणी, २४ नोव्हेंबर, मृतांचा रविवार. आज गेलो. ओटोमार, यान्का आणि मी. वारा नव्हता. झेंडा तीनदा वाकला, झालर मातीला टेकली. तिसऱ्या वेळी ओटोमारचे हात दांड्यावर नव्हते. ते त्याच्या तोंडावर होते. झेंडा सावकाश खाली गेला, बराच वेळ खाली राहिला आणि तसाच सावकाश वर आला. यान्काने पाहिले, तिला विचारावे.

मला अल्विनशेजारीच पुरावे. टोपी ओटोमारला द्यावी.

सही: हेडविग लेनिक
साक्षीदार: ओटोमार क्लीम