पाचटातली डाळिंबं

बारामती,
१० जानेवारी १९९७

प्रिय इरा,

या पत्राबरोबर डाळिंबांची एक पेटी एसटीने पाठवली आहे. स्वारगेटला उतरवून घे, आणि पत्र पुरतं वाचल्याशिवाय उघडू नकोस.

तू गेल्यावर आमच्या महिला संस्थेने तुझ्या कंपनीचे थर्माकोलचे ट्रे पुन्हा तपासले. फळाला डाग लागत नाही, हे मान्य. पण पेटी रिकामी झाल्यावर काय? मागच्या हंगामात पिंपळीच्या चारीत असलेच ट्रे अडकले आणि खालच्या रानात पाणी पोचलं नाही. उकिरड्यात पुरलेला तुकडा सगळा पावसाळा काढून जसाच्या तसा वर आला. गोजरबाई म्हणाली, "बाई, ह्यो तर आपल्या नातवंडांस्नी बी पुरंल!" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

ट्रेऐवजी आम्ही वापरतो त्या पाचटाचीही, उसाच्या वाळक्या पाल्याचीही, मी गय केलेली नाही. पणदऱ्यात ऊस तुटला की ते जाळूनच टाकतात, तेव्हा हवं तेवढं मिळतं, आणि वापरून झालं की त्याचं खत होतं. पण लोणी भापकरहून भरलेल्या आमच्या पहिल्या पेट्या बुरसल्या. पाचट ओलं होतं, असं तू म्हणालीस तेव्हा बायका तुझ्यावर तुटून पडल्या. खरं तुझंच होतं. दोर वळताना शिंपडतात तसं गोजरबाईने त्यावर पाणी शिंपडलं होतं, मऊ पडावं म्हणून. आता पत्र्यावर कडकडीत वाळवून, हाताने चुरून भरतो.

सोमवारी सभा आहे. इंदापूरचे व्यापारी रावजी अडून बसले आहेत: "फळ दबलं तर माल माघारी, बाई. मग मला नावं ठेवायची न्हाईत." थर्माकोल नाकारला तर तुझी ऑर्डर जाते; पाचट फसलं तर या बायकांचा हंगाम जातो. मी पाचटाच्या बाजूची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. निकाल मी देऊन चालणार नाही.

म्हणून पाचटात भरलेली ही पेटी तू उघड. "विकणाऱ्याने परीक्षक होऊ नये," असं मी तुला भर सभेत सुनावलं आणि तू न जेवता निघालीस. तरी तुझ्याइतकं चोख फळ दुसरं कोणी तपासणार नाही. एक जरी दबलेलं निघालं तरी फोन कर. थर्माकोलचा ठराव मी स्वतः मांडीन.

पेटीला बाहेरून एक पिशवी बांधली आहे, फळांवर भार नको म्हणून. तीत खण आणि नारळ आहे. त्या दिवशी तू ओटी भरून न घेताच गेलीस. पिशवीची तपासणी करायची नाही.

तुझीच,
आई