सामान हवाले

केदारखेडा, १९४७

झुंबरअक्का,

सकाळी शिपाई कागद देऊन गेला अन् तू तो माझ्या हातात दिला. तिरंगा झेंडा लावला म्हणून दाजींना निजामाच्या तुरुंगात नेल्याला चार महिने झाले, त्यातला हा पहिलाच कागद. दारात सगळी भावकी उभी. मी कचेरीत उर्दू लिहिणारा माणूस, जसा होता तसाच खड्या आवाजात वाचला : "मुसम्मी धर्मराज मुतवफ्फी का सामान हवाले किया जाये."

तुला त्यातलं सामान तेवढं कळलं. "सामान वापस देऊन राह्यले म्हंजी सोडूनच राह्यले की रे, कडूबा!" म्हणून तू साखर वाटली. मीबी चिमूटभर तोंडात टाकली.

मुतवफ्फी म्हंजी वारलेला, अक्का. दाजी गेले. माणसाचं मरण त्या कागदानं एका शब्दात उरकलं, धोतर-टोपीला मात्र अख्खी ओळ दिली. असे कागद मीच शेकड्यानं लिहिलेत, अन् लिहून झाल्यावर भाकर खाल्ली. एकदाबी हात थांबला न्हाई. आज मराठीत सांगायला गेलो तर तोंड उघडंना.

तू कपाळभर कुंकू लावून आत पुरण वाटून राह्यली. "उद्या सकाळी जल्दी गाडी जुंप, दाजींना आणायला जाऊ," म्हणाली. मी "बराबर" म्हणलो.

म्हणून हे साध्या बोलीत लिहून काढलं. पण तुला वाचता येत न्हाई, अन् गावात वाचणारा मी एकलाच. हे पत्र घेऊन तू गावात कुणाकडंबी गेली, तरी ते तुला माझ्याकडंच पाठवतील.

तुझा भाऊ,
कडूबा