हलका, भारी आणि मी

३ फेब्रुवारी २०२५, नागभीड

अठराला आढावा समिती येणार — थेट दिल्लीहून! धानाच्या जुन्या वाणांचा आमचा प्रकल्प आणखी तीन वर्षं चालवायचा की एकतीस मार्चला कुलूप लावायचं, ते तीच ठरवणार. रंजीता मॅडमचा प्रकल्प, त्यामुळे त्या सकाळपासून सगळ्यांवर चिडलेल्या.

प्रकल्प गेला तर सगळ्यांत आधी मी जाणार. हा माझा चौथा. सरकारी निधी असेल तोवर क्षेत्र सहायक, नसेल तर घरी. चौदा वर्षं अशीच गेली. पण माझ्या हाताखालून तीन पीएचडी बाहेर पडल्या! त्यातला एक आता परदेशात शिकवतो म्हणे. त्याला बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, न पडता चालायला मी शिकवलं.

८ फेब्रुवारी

टाचा फुटल्या. तरी कोरची तालुका आटोपला, घरोघरचा धान पाकिटांत भरून आणला.

१० फेब्रुवारी

घात झाला. आमचा रिसर्च फेलो अश्वजित — हुशार आहे, पण वरोऱ्याचा, कापूस-सोयाबीनमधला — त्यानं समितीसाठीचा तक्ता दाखवला. कोरचीचे शेतकरी सुकलूभाऊ, त्यांच्या धानापुढे लिहिलेलं : 'दाणा — कमी वजन'. तो टपोरा दाणा मी स्वतः मुठीत धरून आणला होता! विचारलं, तर म्हणतो, "ताई, तुमच्याच वहीत हाय ना — हलका."

मी कपाळाला हात लावला. "अरे बाबू, लवकर कापनीले येते तो हलका! उशिरा येते तो भारी. वजनाचा काई संबंध नाई."

"म्हंजे... दोनशे बाराच्या दोनशे बारा वाण चुकले?"

"सगळे."

तक्ता पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागला. त्याची पीएचडी याच तक्त्यावर. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मग लाज वाटली.

१३ फेब्रुवारी

तीन दिवस नुसता काटा आणि माझ्या वह्या. प्रत्येक पाकिटातले शंभर दाणे मोजायचे, तोलायचे, लिहायचे. कापणी कधीची, ते माझ्याकडे सगळं लिहिलेलं — कुणाची दसऱ्याला, कुणाची दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपल्यावर. अश्वजित म्हणाला, "ताई, ह्या वह्या नसत्या तं मी मेलोच होतो." मी म्हटलं, "दाने मोज."

१८ फेब्रुवारी

झालं!! दिल्लीच्या सरांनी तोच प्रश्न विचारला — "ये हल्का, मतलब कम वज़न, ना?" अश्वजितला उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण उभा राहून म्हणाला, "सर, मैंने भी यही समझा था. गलती नूतनताई ने पकडी." मग मलाच पुढं बोलावलं! दोन मुठींत दोन धान घेऊन माझ्या मोडक्या हिंदीत सगळं समजावलं. सरांनी माझी वही मागून घेतली, पानं उलटत बसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझी वही मागितली.

घरी नवऱ्याला, डोमाला, तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नवरोबा म्हणाले, "समजलं वो बाई, आता भाजी वाढ."

२६ मार्च

मंजूर! पूर्ण तीन वर्षं! मॅडमनी पेढे वाटले. मी चार खाल्ले.

२ एप्रिल

नव्या टप्प्याची जाहिरात लागली. अटी निधीसोबत वरूनच आल्या आहेत. क्षेत्र सहायक, एक जागा — बी.एस्सी., वय अठ्ठावीसच्या आत.

मी बारावी. त्रेचाळीस.

मॅडम माझ्याकडे बघेनात. बसस्टँडवर आल्यावर रडले.

४ एप्रिल

अश्वजितचा फोन. "ताई, मुलाखतीले या. उमेदवार म्हनून नाई — घेनाऱ्यांमंधी. मॅडमनं निवड समितीत तुमचं नाव टाकलं, धानाच्या जानकार म्हनून."

जाणार! पहिला प्रश्न आत्ताच लिहून ठेवला — हलका धान म्हणजे काय?

वजन सांगितलं, की घरी!