बाबांचं उत्तर

मंगळवार, ९

सकाळी आमच्या फोटोफ्रेमच्या दुकानात एकदाचं विचारून टाकलं. बाबा काच कापत होते. "तिला सून म्हणून घरी आणू का? हो की नाही?" ती लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते, म्हणून बाबा तिला 'रक्त काढणारी' म्हणतात!

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. शब्द नाही. काचेवरची रेघ वाकडी गेली. वाटलं, मुद्दाम! मी कॉलेज सोडलं तेव्हाही त्यांनी आठवडाभर अबोला धरला होता. डोकंच फिरलं. तिला फोन लावला — "बोलतच नाहीत! मला काही किंमत आहे की नाही?"

ती म्हणाली, "ओरडू नकोस. त्यांना हसायला सांग. दोन्ही हात वर करायला सांग."

बाबा अर्ध्याच तोंडाने हसले. उजवा हात उठलाच नाही.

शेजारचे न्हावीकाका पाणी घेऊन धावले — "घरी नेऊन जरा पडू दे त्यांना." फोनमधून ती ओरडली, "पाणी पाजू नका! घरी नाही, थेट दवाखान्यात!"

बुधवार, १०

डॉक्टरबाई काल एकच विचारत होत्या — "शेवटचं नीट कधी बोलले?"

मला मिनिटासकट ठाऊक! विचारायचा धीर होईना म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होतो. अकरा दहाला बाबा खेकसले, "घड्याळात काय बघतोस? काच धर!"

मेंदूत रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन लगेच दिलं. बाई म्हणाल्या, "वेळ नक्की सांगितलीत, म्हणून देता आलं. उशीर झाला असता तर मेंदूचं आणखी नुकसान झालं असतं."

माझ्या भित्रेपणाचे उपकार! आणि तिचे तर — काय लिहू!

गुरुवार, ११

उजव्या हाताने चमचा धरला!! सांडलं सगळं. सांडू दे.

शनिवार, १३

हात सुधारतोय, पण शब्द नाही. नुसतं "आ... आ..." मी आईला म्हटलं, माझ्या ओरडण्यानेच झालं हे. "गप रे! बीपीच्या गोळ्या चुकवत होते ते," आई म्हणाली.

ती रोज येते. बाबा तोंड फिरवतात. आई खूश — "मान तरी फिरतेय!"

सोमवार, १५

आज सहजच पुन्हा विचारलं. "बाबा, आणू का तिला घरी?"

"नाही!"

अगदी स्पष्ट! आई रडायलाच लागली. मी बाबांचा हात घट्ट धरला, मग धावत जाऊन तिला फोन केला — "नाही म्हणाले!"

ती आनंदाने किंचाळली.